कोंडलेल्या हवेतून उभा राहिलेला धंदा: एआर स्पीकरची गोष्ट



1950 च्या आसपासची अमेरिका. स्पीकरमधून खोल, दमदार बेस हवा असेल तर पेटी मोठीच लागणार, असा बाजाराचा ठाम समज. कपाटाएवढी पेटी हॉलमध्ये ठेवणार कुठे? न्यूयॉर्कमध्ये ध्वनिशास्त्र शिकवणारे एडगर व्हिलचर याच अडचणीवर विचार करत होते.

आधी स्पीकर चालतो कसा ते बघू. आतला कोन पुढे-मागे हलतो आणि त्याला जागेवर परत आणायला कडेचं कडक सस्पेन्शन स्प्रिंगचं काम करतं. बेसला कोन जास्त हलावा लागतो. तेव्हा ही स्प्रिंग सारखी ताणली जात नाही आणि आवाज फाटतो. त्यात पेटी छोटी असेल तर कोंडलेली हवाही कोनाला मागे ढकलते. ही हवा सगळ्यांना अडचण वाटायची.

व्हिलचर यांनी काय केलं? सस्पेन्शन मुद्दाम सैल ठेवलं, पेटी हवाबंद केली आणि स्प्रिंगचं काम त्या हवेलाच दिलं. हवा जास्त समान दाबली जाते, त्यामुळे छोट्या पेटीतून स्वच्छ बेस मिळाला!

प्रस्थापित कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. मग 1954 मध्ये त्यांनी आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासोबत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली. पहिलं मॉडेल एआर-1. 1958 मध्ये आलेला एआर-3 जेमतेम 25 इंच लांब, म्हणजे शेल्फवर बसणारा. अर्थात, फुकट काहीच मिळत नाही. या स्पीकरला ताकदवान अॅम्प्लिफायर लागायचा.

आता विक्री बघा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी ऐकायची खोली उघडली. तिथे विक्री नव्हतीच, या आणि निवांत ऐका! कार्यक्रमांत वादक मध्येच थांबून नुसता वाजवण्याचा अभिनय करायचे आणि स्पीकर पुढे वाजत राहायचा. श्रोत्यांना फरक ओळखणं अवघड जायचं.

तुमच्याकडे अशी कोंडलेली हवा कोणती आहे? गाळा लहान, म्हणून माल थोडा? मग तो रोज ताजा येतो, हे गिऱ्हाईकाला सांगता का?

आजचा होमवर्क: धंद्यातली सर्वात मोठी अडचण कागदावर लिहा. तिच्यापुढे लिहा, "हिला कोणतं काम देता येईल?" उत्तर कमेंटमध्ये नक्की टाका.