देव न मानणारा वाईटच असतो का?

"देव बघतोय हं!" लहानपणी साखरेच्या डब्यात हात घातला की हे वाक्य हमखास कानावर यायचे. मराठी आईने ते म्हटले काय किंवा कन्नड अज्जीने "देवरु नोडताने" म्हटले काय, अर्थ एकच. आपल्या केलगेरीत तर ही दोन्ही वाक्ये कित्येकदा एकाच स्वयंपाकघरात ऐकू येतात. या धाकाने अनेक पिढ्यांना वळण लागले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातूनच एक समजूतही घट्ट बसली : देवाचे भय आहे म्हणून नीती आहे, ते भय गेले की माणूस मोकाट सुटणार.

ही समजूत आता घराघरांत कसोटीला लागली आहे. कॉलेजात जाणारी मुले "माझा देवावर विश्वास नाही" असे सरळ सांगतात. इथल्याच एका घरातला मुलगा सत्यनारायणाच्या पूजेला बसणार नाही म्हणाला. वडील संतापले. आईने मला डोळ्यांत पाणी आणून विचारले, "सर, पोरगं हाताबाहेर गेलं का हो?" त्याच मुलाने महिनाभर आधी अज्जीच्या आजारपणात दवाखान्यात रात्री जागून काढल्या होत्या. मी त्याची आठवण करून दिली. "ते खरं आहे," आई म्हणाली, "पण देवाला मानत नाही म्हणजे उद्या काहीही करेल की!"

या "काहीही करेल"चाच विचार करू या. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक उभे आहेत म्हणून जो कॉपी करत नाही, त्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, सावध म्हणतो. भय हाताला आवरते, पण मन बदलतेच असे नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सौंदत्तीची यल्लम्मा ही मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांची देवी. तिच्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या गरीब घरांतल्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून या प्रथेवर बंदी घातली. हे वाईट आहे, हे आपल्याला कोणी सांगितले? प्रथा तर देवीचीच आज्ञा म्हणून चालली होती. त्या मुलीच्या जागी आपली मुलगी असती तर, या एका प्रश्नाने ते सांगितले. आज यल्लम्माचे कितीतरी भक्त देवीवरची श्रद्धा ठेवून ही प्रथा नाकारतात. म्हणजे देवाच्या नावाने चाललेल्यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे ठरवणारी विवेकबुद्धी भक्ताजवळही असतेच, असावीही लागते.

आपल्या सीमाभागातच मोठे उदाहरण आहे. बेळगाव, धारवाड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जग निर्माण करणारा आणि पापपुण्याचा निवाडा करणारा ईश्वर जैन दर्शन मानत नाही. तीर्थंकर वंदनीय आहेत, पण ते शिक्षा करत नाहीत आणि वरही देत नाहीत. कर्मसिद्धान्त आहे, पण न्यायनिवाड्याला बसलेला देव नाही. तरीही अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही व्रते तिथे किती काटेकोरपणे सांगितली आहेत!

आणि जे देव मानत होते, त्यांनी तरी काय सांगितले? बाराव्या शतकातल्या बसवण्णांचे एक वचन धारवाडकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चोरी, हिंसा, असत्य, परनिंदा अशा गोष्टी टाळा, देवाला प्रसन्न करण्याची रीत हीच, असा त्याचा आशय. आधी आचरण, तीच पूजा.

महाराष्ट्रातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. ते हाडाचे श्रद्धाळू. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच 'साधना'चे संपादक झाले डॉ. नरेंद्र दाभोलकर. हे देव न मानणारे, अंधश्रद्धा निर्मूलनाला वाहून घेतलेले. साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीचे कामही उभे केले. एकाची प्रेरणा विठ्ठल, दुसऱ्याची विवेक; पण दुबळ्याची बाजू घ्यायची हे दोघांचेही ठरलेले. कन्नड वाचकांना इथे डॉ. एच. नरसिंहय्या आठवतील. बेंगळूर विद्यापीठाच्या कुलगुरूपदी असताना १९७६ मध्ये त्यांनी चमत्कारांची तपासणी करणारी समिती नेमली. हा बुद्धिवादी माणूस स्वतः खादी घालून नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहात साधेपणाने राहिला.

नास्तिकता म्हणजे सद्गुणाचे प्रमाणपत्र, असेही मात्र नाही. देवाधर्माला हद्दपार करू पाहणाऱ्या स्टॅलिनच्या राजवटीने लाखो माणसे मारली. श्रद्धेप्रमाणे अश्रद्धाही आंधळी होऊ शकते. खरी कसोटी, आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, ही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी आपल्या धारवाडच्या कल्याणनगरात, वचनसाहित्याला आयुष्य दिलेल्या डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. विचाराला गोळीने उत्तर देणे कोणत्याही देवाच्या वा तत्त्वाच्या नावाने नैतिक ठरत नाही.

म्हणून आईवडिलांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलाने हात जोडले नाहीत म्हणून तो वाया गेला असे समजू नका आणि जोडले म्हणून निर्धास्तही राहू नका. तो खरे बोलतो का, मोलकरणीशी कसा बोलतो, मित्राच्या अडचणीला धावतो का, हे पाहा. मुलांनीही एक पाळावे. अज्जीच्या देवघराची टिंगल करू नये. पूजेला बसायचे नसेल तर बसू नये, पण आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यावे, पंगतीत वाढायला उभे राहावे. देवाबद्दलचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालू द्या. तो घरात, प्रेमाने, दोन्ही भाषांत होऊ शकतो.