छातीतला पहारा ढिला का पडतो?

सकाळी उठल्या उठल्या मोरीपाशी उकिडवं बसून बेडके पडेपर्यंत खोकायचं, मग पहिली विडी शिलगावायची आणि म्हणायचं, 'आता छाती मोकळी झाली!' अनेक घरांनी हा दिनक्रम वर्षानुवर्षं पाहिला आहे. धूम्रपान आणि दारू वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण या दोन सवयी फुप्फुसांची राखण कशी मोडतात, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून त्याभोवतीचे गैरसमज टिकून राहतात.

आधी ही राखण समजून घेऊ. आपण दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, काजळी आणि जंतूही येतात. श्वासनलिकांच्या आतल्या पातळ, चिकट थरात ते अडकतात. त्याखालचे 'सिलिया' नावाचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि तो थर घशाकडे ढकलत राहतात. त्यातून निसटून जे खाली वायुकोशांत पोचतं, ते तिथल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. अन्न किंवा लाळ चुकून श्वासमार्गात शिरली, तर जोराचा ठसका ती बाहेर फेकतो.

गैरसमज : विडी-सिगारेट ओढली की कफ सुटतो, छाती साफ होते.

वस्तुस्थिती : धुराने सिलियांची हालचाल मंदावते. वर्षानुवर्षं धूर घेतला की ते आखूड होतात, झडतात. काही ठिकाणी तर केसाळ पेशींच्या जागी बिनकेसांच्या सपाट पेशी येतात. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात. म्हणजे कचरा वाढतो आणि झाडू मोडतो. रात्रीच्या सात-आठ तासांत धूर नसल्याने उरलेल्या सिलियांना थोडी उसंत मिळते, साचलेला कफ वर सरकतो आणि सकाळी खोकल्याची उबळ येते. छाती मोकळी होते ती या खोकल्यामुळे. श्रेय मात्र विडी घेऊन जाते.

गैरसमज : विडी पानाची असते, तंबाखूही कमी, म्हणून ती सौम्य.

वस्तुस्थिती : विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा खूप कमी असतो, हे खरं. पण तेंदूपत्त्यातून हवा नीट खेळत नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला जोरात आणि वरचेवर झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीने, कित्येकदा जास्तच, छातीत जातात.

गैरसमज : शरीराला धुराची सवय होते, प्रतिकारशक्ती तयार होते.

वस्तुस्थिती : धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या काही पटींनी जास्त दिसतात. पण त्यांच्या पोटात तपकिरी-काळे कण भरलेले असतात. पहारेकरी वाढले, पण काजळीनेच त्यांचं पोट भरलं. जंतू गिळून मारण्याचं त्यांचं बळ घटलं. टीबीचा जंतू तर याच पेशींत दबा धरून बसतो. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि धूम्रपानाने टीबीचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो.

गैरसमज : सर्दी-खोकल्यात ब्रँडी घेतली की जंतू मरतात.

वस्तुस्थिती : हाताचे जंतू मारणाऱ्या सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल लागतं. माणूस झिंगून पडला, तरी त्याच्या रक्तात ते अर्धा टक्काही नसतं. तेवढ्याने छातीतला जंतू मरत नाही. ब्रँडीने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं, इतकंच.

गैरसमज : दारूने लिव्हर बिघडतं, फुप्फुसांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : खूप पिऊन उताणा झोपलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या घशाची जाग हरपलेली असते. लाळ किंवा उलटीचा अंश श्वासनलिकेत उतरला तरी ठसका येत नाही. तो बहुधा उजव्या फुप्फुसात जातो, कारण त्या बाजूची नलिका जास्त रुंद आणि सरळ असते. तोंडातले जंतू असे थेट आत पोचले की न्यूमोनिया किंवा फुप्फुसात गळू होऊ शकतं.

रोजच्या भरपूर पिण्याने वायुकोशांतलं ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य घटतं, भक्षक पेशी मंदावतात आणि मदतीला येणाऱ्या पांढऱ्या पेशी उशिरा पोचतात. मग साध्या संसर्गाचंही गंभीर दुखणं होतं. दिवसाला ४० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांना टीबीचा धोका सुमारे तिप्पट असतो. हे ४० ग्रॅम म्हणजे व्हिस्कीचे जेमतेम दोन लार्ज पेग. एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम होतात. शिवाय टीबीच्या औषधांचा लिव्हरवर ताण पडतो, त्यात दारूची भर पडली की उपचारच अडखळतात.

गैरसमज : इतकी वर्षं ओढली, प्यायली, आता सोडून काय उपयोग?

वस्तुस्थिती : शेवटच्या सिगारेटनंतर दिवस-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पुढच्या काही महिन्यांत सिलिया पुन्हा कामाला लागतात. या काळात काहींचा खोकला थोडे दिवस वाढतो. घाबरून पुन्हा विडी पेटवू नका. मोडलेला झाडू पुन्हा फिरू लागल्याची ती खूण असते. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा किंवा रक्त पडणारा खोकला मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवा. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत, पण फुप्फुसांची झपाट्याने होणारी घसरण मंदावते, कोणत्याही वयात.

दारूच्या बाबतीत एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करत आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

मोरीपाशी खोकणाऱ्या त्या माणसाला 'पुरे करा आता' असं घरच्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं. या वेळी त्याला एवढं सांगून पाहा : रोज सकाळी तुम्हाला खोकवणारे ते केस अजून जिवंत आहेत. रात्रीची उसंत मिळाली तरी ते कामाला लागतात. त्यांना दिवसाचीही द्या.