धारेजवळचे धुके

टेबलावर पांढरे कापड अंथरलेले असते आणि त्यावर पाच पाती ओळीने मांडलेली. म्यान काढलेले, मूठ मात्र जागच्या जागी; कारण मुठीच्या आत दडलेल्या लोखंडावर लोहाराची सही असते आणि ती दिसली की खेळच संपला. जमलेली मंडळी एकेक करून पुढे येतात, पात्यापुढे मान लववतात, ते अलगद उचलून दिव्याच्या दिशेने धरतात. बोलायचे नाही, कारण थुंकीचा बारीकसा थेंबही पात्यावर गंजाचा ठिपका उठवू शकतो. पाहून झाले की चिठ्ठीवर लोहाराचे नाव लिहून परीक्षकाकडे द्यायचे. नेमके नाव असेल तर शेरा मिळतो ‘आतारी’, म्हणजे अचूक. नाव हुकले पण घराणे बरोबर पकडले, तर ‘दोझेन’, म्हणजे जवळपास बरोबर. बाकीच्यांनी पुढच्या फेरीसाठी पुन्हा रांगेत यायचे. जपानी तलवारींच्या दर्दी मंडळींची ही परीक्षा. तिचे नाव ‘कान्तेई’.

सहा-सातशे वर्षांपूर्वीचा लोहार सही न पाहता, नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा, हे ऐकायला चमत्कारासारखे वाटते. पण त्यात चमत्कार काही नाही. पोलाद तापले किती, थंड झाले कसे, याची नोंद पोलादातच राहते. ती वाचता यावी लागते. युरोपात ही नोंद वाचायला बऱ्याच उशिरा सुरुवात झाली. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८६३-६४ मध्ये पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, आम्लाने किंचित खाऊ दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धातूंची अंतर्रचना पाहण्याचे शास्त्र तिथून पुढे वाढले. जपानी सहाणकार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, सूक्ष्मदर्शक आणि आम्ल दोन्हींशिवाय, नुसत्या दगडांनी हीच अंतर्रचना उघडी करत होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पात लॉस अलामोसला धातुविभाग सांभाळलेल्या सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी १९६० साली या शास्त्राचा इतिहास लिहिला, तेव्हा जपानी तलवारीची त्यात आवर्जून दखल घेतली ती याचसाठी.

सुरुवात होते वाळूपासून. जपानमधल्या शिमाने प्रांतात ओकुइझुमो नावाचे डोंगराळ गाव आहे. तिथे हिवाळ्यात मातीची एक भट्टी उभी राहते, तिला ‘तातारा’ म्हणतात. तीन दिवस आणि तीन रात्री तिच्यात लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा आळीपाळीने पडत राहतो. साधारण दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन भट्टी अडीच टनांचा खडबडीत गोळा देते. त्यातले तलवारीच्या लायकीचे पोलाद, म्हणजे ‘तामाहागाने’, एक टनसुद्धा भरत नाही. गोळा बाहेर काढण्यासाठी भट्टी फोडावीच लागते, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा मातीपासून सुरुवात. भट्टीचा प्रमुख, ‘मुरागे’, ज्योतीचा रंग आणि भट्टीचा आवाज यांवरून आत काय चालले आहे ते ओळखतो. ही भट्टी १९७७ पासून तलवार-जतन संस्थेच्या वतीने चालते आणि आजच्या जपानी तलवार-लोहारांना पोलाद मिळते ते मुख्यतः तिथलेच.

ही पद्धत महागडी आणि उधळी आहे, यात शंका नाही. पण शिमानेच्या वाळूत टायटॅनियम आणि फॉस्फरस कमी, आणि लाकडी कोळशात गंधक नसल्यातच जमा. पोलाद ठिसूळ करणारी द्रव्ये मुळात शिरतच नाहीत. अडचण वेगळीच असते. एकाच गोळ्यात कुठे कार्बन दीड टक्का, कुठे एक, कुठे जेमतेम काहीच नाही. मग लोहार त्याचे तुकडे ठोकून पातळ करतो, तापलेले पाण्यात बुडवतो आणि हातोडीने टिपतो. टणकन तुटला तो जास्त कार्बनचा, तुटायचे सोडून वाकला तो कमी कार्बनचा. दोन ढीग होतात. तुटणाऱ्या तुकड्यांचे बाहेरचे कवच, वाकणाऱ्यांचा आतला गाभा.

आता त्या प्रसिद्ध घड्यांविषयी. चित्रपटांनी आणि व्हिडिओ गेमनी ‘हजारो वेळा घडी घातलेले पोलाद’ अशी दंतकथा पसरवली आहे. प्रत्यक्षात घड्या दहा ते पंधराच असतात. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणून दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८ थर तयार होतात. याहून जास्त घड्या घातल्या तर नुकसानच होईल, कारण दर वेळी पोलाद तापते तसा त्यातला थोडा कार्बन जळून जातो. दीड टक्क्यावरून सुरू झालेले पोलाद शेवटी ०.६-०.७ टक्क्यांवर येते आणि नेमके तेवढेच हवे असते. घड्या घालायच्या त्या पोलादात दैवी शक्ती भरण्यासाठी नव्हे, तर भट्टीतून आलेला विस्कळीत माल एकजीव करण्यासाठी आणि अडकलेली मळी पिळून काढण्यासाठी. दंतकथेपेक्षा हे कारण साधे आहे. लोहाराचे कसब मात्र याच साध्या कारणात जास्त दिसते.

खरे नाट्य घडते पाणी देताना. तयार झालेल्या पात्यावर लोहार चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड यांचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. धारेच्या बाजूला मातीच्या बारीक आडव्या रेघाही ओढतो. मग कार्यशाळेतला उजेड घालवतात, कारण तापमान मोजायला रंग हेच साधन. पाते साडेसातशे-आठशे अंशांच्या आसपास लालबुंद झाले की ते सरळ पाण्यात. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होते. पोलादातल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही; तो स्फटिकात अडकून बसतो आणि अतिशय कठीण असा मार्टेन्साइट तयार होतो. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि मऊ, चिवट राहते. त्या आडव्या रेघांखाली धारेपर्यंत मऊ पोलादाच्या पट्ट्या उतरतात, त्यामुळे लढाईत धारेचा टवका उडालाच तर तो तिथे अडतो.

पाण्यात जाण्याआधी पाते जवळजवळ सरळ असते. बाहेर येते ते वाकून. धारेकडचा भाग आधी आकसतो, म्हणून पाते प्रथम धारेच्या दिशेने झुकते. पण मार्टेन्साइट बनताना फुगतो, आणि मग पाते उलट, पाठीकडे वळते. क्योतो विद्यापीठाचे तात्सुओ इनोऊए यांनी संगणकावर या क्षणांचे गणित मांडून हा आधी खाली आणि मग वर असा प्रवास दाखवून दिला. म्हणजे जपानी तलवारीचा तो डौलदार बाक हातोडीने कमी आणि पाण्याने जास्त घडवलेला असतो. याच क्षणी पात्याला तडाही जाऊ शकतो. धारेतून आडवी गेलेली केसासारखी चीर, ‘हागिरे’, हा संग्राहकांच्या लेखी सर्वांत वाईट दोष. कितीही जुन्या, कितीही नामांकित पात्याची किंमत ती कोसळवते.

कठीण धार आणि मऊ पाठ यांची सीमारेषा म्हणजे ‘हामोन’. कुणाची सरळ, कुणाची लाटेसारखी, कुणाची लवंगेच्या कळ्या एकापुढे एक मांडाव्यात तशी. पण ही रेषा आपोआप दिसत नाही. ती दाखवणारा वेगळा कारागीर असतो, तो सहाणकार, आणि तलवार-रसिकांच्या दुनियेत त्याचा मान लोहारापेक्षा फार कमी नाही. तो पाते हलवतो, दगड स्थिर. आधी भरड दगड, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी क्योतोकडच्या ‘उचीगुमोरी’ दगडाची नखाएवढी, कागदासारखी पातळ चकती मागून कागद चिकटवून अंगठ्याखाली धरायची आणि पात्यावर इंचाइंचाने फिरवायची. कठीण मार्टेन्साइट एका तऱ्हेने घासला जातो, मऊ पोलाद दुसऱ्या तऱ्हेने. उजेड दोन्हींवरून वेगळा परततो. आम्लाशिवाय अंतर्रचना उघडी होते ती इथे. स्वस्त नकला याच ठिकाणी पकडल्या जातात. त्यांच्यावरची लाट आम्लाने काढलेली असते, भिंगाखाली ती सपाट आणि मेलेली दिसते.

अस्सल हामोनजवळ पाते दिव्याखाली तिरके धरले की दोन गोष्टींपैकी एक दिसते. एकतर सुटे सुटे चमकणारे कण, त्यांना ‘निए’ म्हणतात. नाहीतर कण वेगळे ओळखूच येत नाहीत, पांढरट धुक्याचा पट्टा तेवढा दिसतो, तो ‘निओई’. रसायन दोन्हींचे एकच, मार्टेन्साइट. फरक कणांच्या आकाराचा. पाते जास्त तापवून पाणी दिले की कण मोठे होतात, बेताने तापवले की धुके. आणि हे तापवणे घराण्याघराण्याचे ठरलेले. आजच्या ओकायामा प्रांतातल्या बिझेनचे लोहार धुक्याकडे झुकलेले, तर कामाकुराचा मासामुने चमकत्या कणांचा बादशहा. कान्तेईत चिठ्ठी लिहिणारा डोळा हेच वाचत असतो. आधी आकारावरून काळ, मग हामोनवरून घराणे, मग बारकाव्यांवरून माणूस. यासाठी एकच पिवळसर दिवा पुरतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात उत्तम पातेही स्वयंपाकघरातल्या सुरीसारखे दिसते.

मुठीत जाणाऱ्या भागाची, ‘नाकागो’ची, गोष्ट उलटी. पाते आरशासारखे हवे, नाकागो गंजलेलाच हवा. शतकानुशतके मुरलेला तो काळपट तपकिरी गंज म्हणजे पात्याचा जन्मदाखला. वारशात मिळालेली तलवार कौतुकाने उघडून नाकागो घासून लख्ख करणारे लोक जगभर आहेत, आणि दर वेळी एक जन्मदाखला कचऱ्यात जातो. सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे तितकेच धोक्याचे. सतराव्या शतकातला कोतेत्सु आधी चिलखते बनवायचा, उतारवयात तलवारींकडे वळला आणि एवढा गाजला की त्याच्या हयातीपासूनच त्याच्या नावाच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला. उलट कित्येक अव्वल पात्यांवर सहीच नाही. चौदाव्या शतकातली अजस्र पाती पुढच्या काळात कमरेला लावण्यासाठी आखूड करताना मुठीकडूनच कापली गेली आणि लोहाराचे नाव त्या तुकड्याबरोबर गेले. काही नाकागोंवर सोन्याने कोरलेला वेगळाच मजकूर सापडतो. एदो काळात यामादा घराण्यातले लोक देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर तलवारींची धार तपासत आणि निकाल पात्यावर नोंदवला जाई. रसिकतेच्या या दुनियेचे हे एक अंग पोटात गोळा आणणारे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

आता डोळ्यांच्या मदतीला न्यूट्रॉनही आले आहेत. इटलीच्या फ्रान्चेस्को ग्राझी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या आयसिस केंद्रात जुन्या जपानी पात्यांतून न्यूट्रॉनचा झोत पाठवून आतल्या लोखंडाचे आणि कार्बाइडचे प्रमाण मोजले. पाते कापावे लागले नाही, ओरखडाही उठला नाही. याच कामासाठी पूर्वी तोक्यो विद्यापीठाचे कुनिइची तावारा यांना खरीखुरी पाती कापून तपासावी लागली होती. त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला.

ही सगळी विद्या १९४५ साली संपता संपता वाचली. जपानच्या शरणागतीनंतर शस्त्रे जमा करण्याचा हुकूम निघाला. तलवारी वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या, सैनिकांच्या सामानातून अमेरिकेला गेल्या. जुंजी होम्मा यांच्यासारख्या जाणकारांनी कॅडवेल नावाच्या अमेरिकी कर्नलला पटवले की या शस्त्रांत कलावस्तूही आहेत. १९४८ मध्ये जतन संस्था उभी राहिली. आजही जपानमध्ये नोंद होते ती तलवारीची, मालकाची नव्हे. नोंदणीचा कागद पात्याबरोबर फिरतो आणि मालक बदलला की वीस दिवसांत प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावे लागते. नव्या लोहाराला पाच वर्षे उमेदवारी करावी लागते आणि महिन्याला दोनच लांब तलवारी बनवता येतात.

अमेरिकेत गेलेल्या पात्यांपैकी एक कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिराचे होते, कुनिमुने या लोहाराचे, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेले. ते वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती पडले. हे मायल्स या औषध कंपनीतले बडे अधिकारी आणि पश्चिमेतले नावाजलेले संग्राहक. पाते कुठले हे कळल्यावर त्यांनी १९६३ मध्ये ते एकही पैसा न घेता मंदिराला परत केले. एरवी या वस्तूंचा भाव काय असतो याची कल्पना एका सौद्यावरून येईल. उएसुगी केनशिन या सरदाराकडे असलेले ‘सांचोमो’ हे पाते आपल्या गावी आणण्यासाठी सेतोउची शहराने २०२० मध्ये पन्नास कोटी येन मोजले, तेही बरेचसे लोकवर्गणीतून.

तोकुगावा घराण्याकडचे ‘होन्जो मासामुने’ हे पाते मात्र परतले नाही. डिसेंबर १९४५ मध्ये ते तोक्योतल्या मेजिरो पोलीस चौकीत जमा झाले, पुढच्या महिन्यात अमेरिकी सैन्याच्या माणसाकडे गेले आणि तिथून पत्ता नाही. त्यावर सही नाही, त्यामुळे ते सापडलेच तर ओळख पटेल ती आकारावरून आणि हामोनवरून. कारण एकदा उमटलेली रेषा दुसऱ्या पात्यावर जशीच्या तशी येत नाही आणि नामांकित पात्यांचे रेखाटलेले ठसे जुन्या नोंदींत असतात. गंजून काळे पडलेले पाते जाणकारापुढे आले, तर तो ते सगळे घासत नाही. दर घासणीत पोलाद झिजते आणि फार वेळा घासलेल्या पात्याचा मऊ गाभा वर डोकावू लागतो. म्हणून सहाणकार आधी दोन-तीन सेंटिमीटरचा एक तुकडा तेवढा उजळतो. त्याला ‘खिडकी उघडणे’ म्हणतात. गंजाखाली धारेजवळ धुके आहे की कण, हे त्यातून दिसते, आणि मगच पुढचा खर्च करायचा की नाही ते ठरते.