दिवसातून एकदा पावलांकडे पाहा

पवित्र गुरुवारी मिस्सेत आम्ही धर्मग्रामातील काही जणांचे पाय धुतो. त्या दिवशी मंडळी घरूनच पाय घासूनपुसून येतात. तरीही टाचांच्या भेगा, ठेचाळलेली नखे, जुन्या काट्यांचे व्रण लपत नाहीत. मात्र पायांची खरी काळजी घ्यायची ती रोवणीच्या दिवसांत, आणि नेमके तेव्हाच त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो तांदूळ दिवसभर बांधीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या याच पायांच्या बळावर पिकतो.

पहिला त्रास चिखल्यांचा. पाय सतत ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, खाज सुटते, आग होते. तेथे बुरशी वाढते, कातडी फाटते आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. मग पाय लाल होऊन सुजतो, ताप भरतो. हत्तीपायाच्या रोग्याला तर चिखल्या फारच महाग पडतात. याला उपाय सोपा आहे. बांधीतून आल्यावर साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुवा. धुण्यापेक्षा पुसणे महत्त्वाचे आहे, म्हणून कोरड्या फडक्याने प्रत्येक बेचके टिपून घ्या. खोबरेल तेल टाचांना लावा, बेचक्यांत लावू नका. आठवडाभरात फरक पडला नाही, तर दवाखान्यातून बुरशीचे मलम घ्या.

आणखी काही सवयी घरातील सर्वांनी लावून घ्याव्यात. नखे सरळ कापावीत, कोपऱ्यांत खोल कोरू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये. काटा किंवा खिळा रुतल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी दवाखान्यात विचारावे. उघड्यावर शौचास बसण्याच्या जागी अनवाणी फिरू नये. तेथील मातीतून अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि रक्त कमी करतात. रात्री बांधीचे पाणी पाहायला जाताना बूट आणि बॅटरी विसरू नये, कारण धुऱ्यावर साप असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुखणारा पाय माणूस दवाखान्यात नेतो, न दुखणारा पाय नेत नाही. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे संत दामियन यांनी १८८४ साली थकलेले पाय गरम पाण्यात बुडवले. पाणी कढत होते, कातडीवर फोड आले, पण त्यांना काहीच जाणवले नाही. आपल्यालाही तो रोग जडला आहे, हे त्यावरून त्यांना कळले. १८८९ साली त्यांचे निधन झाले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. बधिर पायाला झालेल्या जखमा न कळल्यामुळे पाय नासतो. मधुमेहातही असेच घडते.

म्हणून चप्पल पायातून निसटली आणि ते कळलेच नाही, पायाला मुंग्या येतात, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे, असे काही आढळले तर लाजू नका, लपवू नका. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते. सहा महिने ते एक वर्ष नेमाने घेतले की रोग बरा होतो, आणि वेळीच सुरू केले तर पायही वाचतो. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी थंडीत शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत, आंघोळीचे पाणी घरातील दुसऱ्याकडून पाहून घ्यावे आणि चप्पल घालण्याआधी आत खडा किंवा खिळा नाही ना, हे हाताने चाचपावे.

आजी-आजोबांना वाकून आपला तळपाय दिसत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सुनेने, नातवाने दिव्याच्या उजेडात तो पाहावा; लाली, फोड, चीर आहे का, ते सांगावे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांसाठी तसेच करा, असे शिकवले. ती आज्ञा आम्ही वेदीसमोर वर्षातून एकदा पाळतो. तुम्हाला ती घरी रोज पाळता येईल.