चिठ्ठी टाकून वाचवलेले डोळे

अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवायचे आणि आत भरपूर प्राणवायू सोडायचा, ही 1940च्या दशकात अमेरिकेतल्या चांगल्या रुग्णालयांची रीत होती. 1942 साली बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशा काही बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढुरका पडदा धरल्याचे नोंदवले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुले या आजाराने आंधळी झाली. त्यांतली बहुतेक, जिथे उपचार उत्तम होते तिथलीच.

मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 साली प्राणवायूवरच बोट ठेवले. वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पाट्झ यांनी काही बाळांना भरपूर, काहींना बेताचाच प्राणवायू देऊन पाहिला. पण रात्रपाळीच्या काही परिचारिकांना बाळाचा प्राणवायू कमी करवेना. त्या हळूच चावी वाढवत. त्यांना नावे ठेवायला माझा जीव धजत नाही.

मग जुलै 1953 मध्ये अठरा रुग्णालयांनी मिळून चाचणी सुरू केली. कोणत्या बाळाला किती प्राणवायू, हे डॉक्टरांच्या मनावर न ठेवता चिठ्ठीवर सोपवले. निकाल स्वच्छ लागला. डोळ्यांत कायमचा व्रण राहिलेली बाळे भरपूर प्राणवायूच्या गटात सुमारे 23 टक्के होती, बेताच्या गटात 7 टक्के. मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही.

इथे घटकाभर थांबायला हवे. या चाचणीत बाळे जन्मानंतर 48 तासांनी घेतली होती. त्याआधीच दगावलेली बाळे हिशेबातच नव्हती. निकालानंतर मात्र पहिल्या श्वासापासूनच हात आखडला गेला. ज्या तासांची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती, त्या तासांनाही नियम लागू झाला. आंधळेपण झपाट्याने घटले आणि इकडे श्वासाअभावी बाळे जाऊ लागली. एका मुलाची दृष्टी वाचवण्यापायी सुमारे सोळा बाळे दगावली असावीत, असा अंदाज 1973 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. संशोधन खोटे नव्हते. त्याने जेवढे सांगितले त्याहून अधिक आपण ऐकले, हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग.

हा पेच आजही पुरता सुटलेला नाही. 2010 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रक्तातला प्राणवायू थोडा कमी राखलेल्या गटात गंभीर नेत्रविकार 8.6 टक्के, तर जास्तच्या गटात 17.9 टक्के निघाला. मृत्यू मात्र उलटे, 19.9 आणि 16.2 टक्के. मधल्या काळात उपचार हाती आले. 1988 साली जाहीर झालेल्या चाचणीत बऱ्याच बाळांच्या एकाच डोळ्यावर अतिशीत उपचार केला होता. कोणता डोळा, तेही चिठ्ठीनेच. वाईट परिणाम जवळपास निम्मे झाले. पुढे लेझर आला.

चिठ्ठीची ही शिस्त पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयानेही पाळली, तीही मोतीबिंदूसाठी. महागड्या यंत्राशिवाय, लहान छेदातून, टाक्यांविना केलेली शस्त्रक्रिया कितपत चांगली? परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी 741 रुग्णांवर चाचणी घेतली. 2003 सालच्या निष्कर्षानुसार सहा आठवड्यांनी चष्म्याविना बऱ्यापैकी दिसणारे लहान छेदाच्या गटात सुमारे 48 टक्के होते, मोठ्या छेदाच्या जुन्या पद्धतीत 37 टक्के. 2005 साली गाठ थेट त्या महागड्या, फेको नावाच्या यंत्राशी घातली. चष्म्याविना फेको काहीसे सरस ठरले, चष्मा लावल्यावर दोन्ही बरोबरीत. गरिबाला स्वस्तातले म्हणजे कमअस्सल, हा समज पुराव्याने खोडणारे हे काम आपल्या मातीतले आहे, याचा मला अभिमान वाटतो.

त्या दोन्ही चाचण्यांत सहभागी असलेल्या सुचेता कुलकर्णी पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या तपासणीकडे वळल्या. ते योग्यच झाले, कारण आपल्याकडे आता छोट्या शहरांतही नवजात अतिदक्षता विभाग आहेत. पण प्राणवायूत हवा मिसळणारे ब्लेंडर सगळीकडे नाहीत. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत या आजारातून सहसा सुटली असती अशी थोराड बाळेही, शंभर टक्के प्राणवायू मिळाल्याने, इथे त्यात सापडतात. म्हणून भारतात दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी सांगितली आहे. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, अगदीच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

तपासणी पाहताना आईचा जीव गलबलतो. थेंब घालून बाहुली मोठी करतात, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, पापण्या छोट्या चिमट्याने उघड्या धरतात आणि भिंगातून डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचल्या का ते पाहतात. काही मिनिटांचे काम. पण एकदा पाहून भागत नाही, वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा यावे लागते. तोवर बाळ घरी गेलेले असते, दूध पिते, वजन धरते, आणि चांगल्या बाळाला पुन्हा कशाला न्यायचे, असे घरातले म्हणतात. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख घरी सोडतानाच कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, वडिलांना आणि आजीलाही समजावून सांगावी, आणि त्या दिवशी बाळ आले नाही तर रुग्णालयाने स्वतः फोन करावा.