सरासरीत हरवलेला दहावा माणूस

पान उघडायला किती वेळ लागला, हे सर्व्हरला पुरतं कळत नाही. कळतं ते वापरणाऱ्याच्या ब्राउझरला. म्हणून मोजणीचा छोटा कोड पानातच ठेवतात.

गूगलने २०२० मध्ये अशा मोजमापांचा संच जाहीर केला. पानावरचं सर्वांत मोठं चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही त्यातली एक कसोटी. इथे सरासरी धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नऊ जणांना पान १ सेकंदात आणि दहाव्याला २१ सेकंदांत दिसलं, तर सरासरी येते ३ सेकंद. तीन सेकंदांचा अनुभव मात्र एकालाही आलेला नसतो!

त्याऐवजी चारांपैकी तीन भेटी मर्यादेत बसतात का, हे तपासतात. तरीही तो दहावा निसटतोच. त्याच्यासाठी ९५वा शतमक, म्हणजे शंभरांपैकी ९५ भेटी ज्या वेळेच्या आत बसतात तो आकडा, पाहायलाच हवा.