फळीचा सूर आणि फळीचा ताठपणा

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें प्रथम टिचकी मारून पाहते. खणखणीत वाजलें तर पक्कें, बद्द वाजलें तर चिरलेलें, हा निर्णय तिचा कान देतो. मडकें मात्र शाबूत राहतें. प्लायवुडच्या तक्त्याचा ताठपणा मोजण्याची एक शास्त्रीय रीत याच तत्त्वावर उभारलेली आहे.

प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे सरसानें चिकटवून दाबलेला तक्ता. त्याची परीक्षा घेण्याची जुनी रीत अशी कीं, एक तुकडा कापून दोन टेकूंवर ठेवावयाचा आणि मोडेपर्यंत मध्यें भार द्यावयाचा. पण ज्याची परीक्षा झाली तो तुकडा गेला, आणि जे तक्ते वापरावयाचे ते अपरीक्षितच राहिले! घराच्या स्लॅबखालीं ओलें काँक्रीट तोलून धरणारा तक्ता अनेकदां भिजून वाळलेला असतो. त्याच्या भरंवशावर वर मजूर उभे असतात.

कंपनपरीक्षेंत फळीची पट्टी दोन मऊ आधारांवर ठेवतात. हे आधार अगदीं टोकांना नसतात. लांबीच्या शेंकडा २२ इतके आंत असतात, कारण मूळ कंपनांत तेवढ्याच दोन जागा स्थिर राहतात. मग मधोमध हलकी ठोकर देऊन दर सेकंदाचीं कंपनें ध्वनिग्राहकानें मोजतात. पट्टीचें वजन व मापें ठाऊक असलीं कीं बाकीचें काम गणिताचें. मापें व वजन सारखें असल्यास ताठपणा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. एकीचीं कंपनें १०० व दुसरीचीं ९० भरलीं, तर दुसरीचा ताठपणा पहिलीच्या शेंकडा ८१ च! कानाला किरकोळ वाटणारा फरक असा फसवा असतो.

अख्ख्या तक्त्याचीं कंपनें डोळ्यांनाही दिसूं शकतात. पत्र्यावर वाळू पसरून कडेवरून सारंगीसारखा गज ओढला, तर वाळू स्थिर रेषांवर गोळा होते, हें जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यानें १७८७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. आज तक्त्याचें उभें वांकणें, आडवें वांकणें व पिळणें या तीन कंपनांवरून त्याचे तिन्ही ताठपणे काढतां येतात.

ओलें लाकूड जड होतें व मऊही पडतें, आणि दोहोंमुळें सूर उतरतो. यास्तव श्रावणांतलें माप वैशाखांतल्या मापाशीं ताडून पाहणें चुकीचें. शिवाय ताठपणा म्हणजे बळकटी नव्हे. एखाद्या लहान जागीं सरस सुटला असतांही सूर जवळजवळ तोच लागूं शकतो. म्हणून तक्त्याच्या कडा डोळ्यांनीं तपासणें आणि जागोजागीं बोटानें ठोकून पाहणें अद्याप सुटलेलें नाहीं.